रिकाम्या डिस्कचं भाडं

मागच्या अंकात क्लाउडच्या बिलावर दोन ओळी लिहिल्या होत्या तर जेवढे मेल आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याचे निघाले. डेटाबेसला दिलेली डिस्क ही एवढी, आत डेटा मूठभर, आणि बिल मात्र पूर्ण डिस्कचं. म्हणून या वेळी सगळं पान त्यालाच दिलंय, बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या वेळी घेते.

प्रश्न: ताई, मी टेक्निकल माणूस नाही. कोल्हापुरात आमचा भांड्यांचा होलसेलचा धंदा आहे, ऑर्डर आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून घेतलंय, ते अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर चालतं. परवा बिल नीट बघितलं तर डेटाबेसला १००० जीबी स्टोरेज लावलंय, आणि जो पोरगा हे सगळं सांभाळतो तो म्हणतो वापर १८० जीबीच आहे. मी म्हटलं मग कमी कर की लेका. तर म्हणतो कमी होत नाही, फक्त वाढवता येतं. हे खरंय का मला गंडवतोय?
एक व्यापारी, कोल्हापूर

उत्तर: अहो, पोरगा गंडवत नाहीये. अर्धं खरं सांगतोय एवढंच, उरलेलं अर्धं त्याला माहीत नसेल कारण ते तसं अलीकडचं आहे.

तुमच्याच धंद्यातलं सांगते. गोडाऊन भाड्याने घेता तेव्हा मालक भाडं चौरस फुटावर लावतो, आत किती भांडी रचलीत हे बघायला तो येत नाही. आरडीएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ज्या सर्व्हिसमध्ये तुमचा डेटाबेस बसलाय तिचं, अगदी तसंच आहे, १००० जीबी मागितले की १००० जीबीचं बिल, आत १८० असोत नाहीतर ८. आणि या गोडाऊनची भिंत बाहेर सरकते, आत सरकत नाही. खाली जी डिस्क असते, ईबीएस म्हणतात तिला, ती मोठी करता येते पण छोटी करायची सोयच तिच्यात नाही, आणि डेटा काय एका कोपऱ्यात नीट रचलेला नसतो, जिथे जागा मिळाली तिथे पसरलेला असतो, त्यामुळे मागचा भाग कापला आणि झालं असं होत नाही. मग डोक्यात येतं की स्नॅपशॉट, म्हणजे डेटाबेसची त्या क्षणाची अख्खी प्रत, काढू आणि छोट्या डिस्कवर रिस्टोअर करू, तर तेही करू देत नाहीत, रिस्टोअरला मूळ साइज किंवा त्याहून जास्त एवढंच चालतं. हे प्रत्येक जण एकदा करून बघतोच, मीपण बघितलंय.

मग उरतं काय, तर दुसरं छोटं गोडाऊन घ्या, माल हलवा, पाटी बदला, जुन्याची किल्ली परत द्या. पूर्वी हे हाताने करावं लागायचं. एकतर रात्री सॉफ्टवेअर बंद ठेवून डम्प, म्हणजे सगळा डेटा फाइलमध्ये, काढायचा आणि नव्या डेटाबेसमध्ये भरायचा, नाहीतर लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे इकडचा प्रत्येक बदल पलीकडे पाठवत राहणं, लावून दोन्ही चालू ठेवत हळूहळू पलीकडे जायचं, ज्यात पोस्टग्रेस जातीचा डेटाबेस असेल तर सीक्वेन्सचे, म्हणजे पुढचा नंबर देणाऱ्या मोजणीचे, आकडे पलीकडे जात नाहीत आणि सकाळची पहिलीच ऑर्डर 'हा नंबर आधीच वापरलाय' म्हणून आपटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनने ब्लू-ग्रीन डिप्लॉयमेंटमध्येच डिस्क लहान करायची सोय दिली. चालू डेटाबेस म्हणजे ब्लू, त्याची शेजारी केलेली कॉपी म्हणजे ग्रीन, ग्रीन बनवतानाच तिला छोटी डिस्क सांगायची, ती कॉपी भरून झाली की ब्लूच्या मागोमाग चालत राहते, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा अदलाबदल. अदलाबदलीला बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आतच लागतं, आणि डेटाबेसचा पत्ता तोच राहतो त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये काही बदलावं लागत नाही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मारियाडीबीला हे चालतं. पोराला विचारा यातलं कुठलं आहे, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर असेल तर हा रस्ता नाही.

आता पैशाचं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या रेटने साध्या एसएसडीचे जीबीमागे महिन्याला ०.११५ डॉलर, आणि दुसऱ्या सेंटरमध्ये तयार कॉपी ठेवणारी मल्टी-एझेड सोय घेतली असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणजे १००० जीबीचे मल्टी-एझेडमध्ये २३० डॉलर आणि समजा डिस्क ३०० जीबीची केलीत तर ६९. मुंबईचा रेट वेगळा आहे, तो तुमच्या बिलावर छापलेला असतो, त्याने गुणा. पण कॉपी चालू असेपर्यंत दोन्ही डेटाबेसचं बिल लागतं, आणि अदलाबदल झाली तरी जुना आपोआप उडत नाही, नावामागे 'ओल्ड१' लावून तसाच बसून राहतो आणि बिल खातो. मी स्वतः एकदा एका क्लायंटकडे 'बघू, चार दिवस राहू दे, लागला तर' म्हणून ठेवला आणि विसरले, दोन महिन्यांनी त्यांच्या अकाउंटंटने विचारलं की मॅडम तुम्ही तर खर्च कमी करणार होतात ना. तेव्हापासून पोराबिराच्या भरवशावर न राहता कॅलेंडरमध्ये तारीख टाकते, आठवडाभराने शेवटचा स्नॅपशॉट घेऊन डिलीट.

अजून एक बारीक गोष्ट. बॅकअपची फुकट जागा तुमच्या त्या रिजनमधल्या, म्हणजे मुंबई किंवा व्हर्जिनिया जे असेल तिथल्या, एकूण डेटाबेस स्टोरेजइतकी असते, म्हणजे डिस्क १००० ची ३०० केलीत की फुकटचा कोटा पण खाली येतो. बॅकअप ३५ दिवसांचे ठेवत असाल, तेवढेच जास्तीत जास्त ठेवता येतात, तर स्टोरेजच्या ओळीत वाचलेले थोडे पैसे बॅकअपच्या ओळीत उगवतील. तेव्हा आपल्याला खरंच किती दिवस मागे जायचंय हे पण एकदा ठरवून टाका.

आणि मला खरं सांगा, भांड्यांच्या ऑर्डरी १८० जीबी? एवढ्या ऑर्डरी असत्या तर तुम्ही मला पत्र लिहीत बसला नसता. मला वाटतंय प्रत्येक बिलाची पीडीएफ आणि मालाचे फोटो डेटाबेसच्या टेबलातच कोंबलेत. ते एस-थ्रीमध्ये, म्हणजे फायली साठवायच्या वेगळ्या सर्व्हिसमध्ये, ठेवायचं असतं, तिथे जीबीचा भाव कितीतरी कमी आहे आणि तिथे वापराल तेवढंच भरता. हे आधी करा, मग ३०० सुद्धा लागणार नाहीत कदाचित.

प्रश्न: आमचं पोस्टग्रेस १००० जीबीवर आहे, वापर २१० च्या आसपास. मी ३०० वर आणायचं प्रपोजल दिलं तर लीड म्हणतो स्पीड पडेल, हात लावू नको. डिस्क रिकामी आहे ती रिकामी आहे, साइजचा आणि स्पीडचा काय संबंध? का उगाच घाबरवतोय?
एक वाचक, हिंजवडी

उत्तर: लीडचं ऐका. निदान यावेळी तरी.

ज्या कोणी १००० घेतले त्याला 'वेडा होता का' म्हणायच्या आधी डिस्कचा प्रकार बघा. जीपी-टू नावाची जी जुनी डिस्क आहे तिच्यात स्पीड जीबीवर मिळतो, एका जीबीला ३ आयओपीएस, म्हणजे सेकंदाला डिस्कवर किती वेळा लिहिणं-वाचणं करता येईल तो आकडा. कुणाला या डिस्कवर कायमचे ३००० हवे असतील तर त्याला १००० जीबी घेण्यावाचून इलाजच नव्हता. जागा नको होती, स्पीड हवा होता, आणि स्पीड जागेला बांधून विकत होते, मग घेतली जागा. जुन्या सिस्टिममध्ये मला जेवढ्या अवाढव्य डिस्क दिसल्या त्यातल्या बऱ्याचशा अशाच निघाल्या, आणि ज्याने घेतल्या तो नोकरी सोडून गेलेला, कारण कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आरडीएसवर जीपी-थ्री आलं. त्यात डिस्क केवढी का असेना ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबीचा थ्रूपुट, म्हणजे डेटा जायचा-यायचा वेग, सुरुवातीपासूनच मिळतो. इथवर ऐकून सगळे खूश होतात की चला जीपी-थ्री करा आणि ३०० वर आणा. पण थांबा जरा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलला ४०० जीबी ही एक पायरी आहे, त्या पायरीपासून वर आरडीएस तुमचा डेटा एकाऐवजी चार डिस्कवर पट्ट्या पट्ट्या करून ठेवतं, त्यामुळे जीपी-थ्रीवर तुम्हाला १२,००० आयओपीएस आणि ५०० एमबी मिळतात, जीबीच्या त्याच रेटमध्ये. ४०० च्या खाली आलात की परत ३००० आणि १२५. आणि तिथे जास्तीचे पैसे देऊन पण आयओपीएस वाढवता येत नाहीत, ती सोय ४०० आणि पुढेच आहे.

म्हणजे तुम्ही ३०० म्हणताय त्यात १०० जीबी वाचवायला चौपट स्पीड सोडताय. व्हर्जिनियाच्याच रेटने १०० जीबीचे साडेअकरा डॉलर. त्या साडेअकरा डॉलरसाठी महिनाअखेरीला रिपोर्ट लटकले की तुमचा लीड काय म्हणेल ते मला इथे बसून ऐकू येतंय. मी असते तर ४०० वर थांबले असते, १००० चे ४०० म्हणजे स्टोरेजचं बिल तसंही साठ टक्के उतरतं.

आता उलटं पण होऊ शकतं, की तुम्हाला एवढा स्पीड लागतच नाही. ते अंदाजाने नाही ठरवायचं. क्लाउडवॉच या आकडे आणि आलेख दाखवणाऱ्या सर्व्हिसमध्ये रीड आयओपीएस आणि राइट आयओपीएस दोन्हींची बेरीज करून बघा, थ्रूपुट बघा, आणि सरासरी बघू नका, सरासरीत सगळेच डेटाबेस झोपलेले दिसतात. मॅक्सिमम बघा, आणि निदान मागचे तीन महिने, त्यात एखादी महिनाअखेर, पगाराचा दिवस, सेल, जे काय तुमच्याकडे असेल ते आलं पाहिजे. जुना आलेख तासातासाचा मिळतो, पंधरा महिन्यांपर्यंत राहतो, तो पुरतो या कामाला. सगळ्यात वरचं टोक ३००० च्या बरंच खाली असेल तर या खुशाल जीपी-थ्रीच्या ३०० वर. आणि तुमचं मशीन छोटं असेल तर त्या मशीनची स्वतःची डिस्कशी बोलायची मर्यादा असते, डिस्क १२,००० देते म्हणून मशीन ते घेऊ शकतं असं नसतं, तेही एकदा तपासा.

लहान करताना किती मोकळं ठेवायचं हे पण लोक विचारतात. वापराच्या अगदी अंगाला लावून शिवू नका. २१० वापर असेल आणि २३० केलीत आणि ऑटोस्केलिंग, म्हणजे जागा कमी पडली की डिस्क आपोआप वाढवायची सोय, चालू असेल तर ते लगेच परत वाढवेल, कारण मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ते जागं होतं. आणि एखादा मोठा इंडेक्स नव्याने बांधायला जागा लागते, मोठ्या सॉर्टच्या तात्पुरत्या फायली होतात. मी येत्या वर्षभराची वाढ धरून वर तीसेक टक्के ठेवते, कुणी चाळीस ठेवतं, त्यावरून भांडण नको.

प्रश्न: ताई नमस्कार. आमची डिस्क २०० जीबी होती, ऑटोस्केलिंग ऑन. दिवाळीच्या सुट्टीवरून आलो तर डिस्क ४८० झालेली! आणि गंमत म्हणजे आत वापर परत ९०-९५ जीबीच दिसतोय. सुट्टीत साइटवर चिटपाखरू नव्हतं. कुणी हॅक केलं का? पोस्टग्रेस आहे, आरडीएसवर.
एक वाचक, ठाणे

उत्तर: हॅक नाही हो. मला एक सांगा, तुमच्या डेटा टीमने दिवाळीच्या आधी डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे रिपोर्टसाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, न्यायला काही सिंकचं टूल लावलं होतं का? आणि सुट्टीत ते बंद पडून नंतर कुणी चालू केलं का? ९९ टक्के हेच असणार.

असं टूल पोस्टग्रेसमध्ये एक रेप्लिकेशन स्लॉट बनवतं. स्लॉट म्हणजे पोस्टग्रेसला दिलेली ताकीद, की मी जिथवर वाचलंय त्याच्या पुढचं एक पान पण फेकायचं नाही. आता टूल मेलं पण स्लॉट जिवंत. पोस्टग्रेस बिचारं इमानदार, ते वॅल म्हणजे बदलांची जी रोजनिशी असते ती साठवत बसतं, कुणीतरी येऊन वाचेल म्हणून. आणि साइटवर कुणी नसलं तरी वॅल वाढतो, कारण आरडीएस स्वतः दर पाच मिनिटांनी रोजनिशीची वही बदलतं आणि एक वही ६४ एमबीची असते. करा हिशोब, तासाला १२ वह्या, दिवसाला २८८, म्हणजे १८ जीबीच्या वर, नुसतं रिकामं बसून. त्यात तुमचे रात्रीचे जॉब चालूच असतील.

मग मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली, पाच मिनिटं तशीच राहिली, ऑटोस्केलिंगने डिस्क वाढवली. ते वाढवतं किती, तर १० जीबी, किंवा आहे त्याच्या दहा टक्के, किंवा गेल्या तासाच्या वेगाने पुढच्या सात तासांत लागेल तेवढं, यातलं जे जास्त असेल ते. एकदा वाढवली की निदान सहा तास परत हात लावत नाही, पण तुमची सुट्टी सहा तासांपेक्षा मोठी होती. नंतर टूल चालू झालं, त्याने सगळं भराभर वाचून टाकलं, पोस्टग्रेसने वह्या फेकल्या, वापर ९० वर. डिस्क मात्र ४८० वर राहिली, कारण ऑटोस्केलिंगला फक्त वर चढता येतं.

लहान करायचा रस्ता वर कोल्हापूरच्या उत्तरात आहेच, पण त्याच्या आधी हे बंद करा नाहीतर पुढच्या गणपतीत परत हेच. पीजी रेप्लिकेशन स्लॉट्स नावाचा व्ह्यू उघडा, त्यात अ‍ॅक्टिव्ह फॉल्स दिसणारा स्लॉट कुणाचा आहे ते शोधा, कुणाचाच नसेल तर ड्रॉप करा. पोस्टग्रेस १३ पासून 'मॅक्स स्लॉट वॅल कीप साइज' अशी एक सेटिंग आहे, तिला मर्यादा घाला, मर्यादा ओलांडली की पोस्टग्रेस स्लॉटचा नाद सोडतं. टूलला सगळं पहिल्यापासून सिंक करावं लागेल, डेटा टीम ओरडेल, ओरडू दे, डिस्क भरून डेटाबेस बंद पडण्यापेक्षा बरं. आणि ऑटोस्केलिंगच्या वरच्या मर्यादेत लोक सवयीने १००० टाकतात, तसं नका करू, डिस्क लहान झाली की तुम्हाला २५०-३०० पुरे. त्या आधी अलार्म लावा आणि तो अलार्म सुट्टीत पण कुणाच्या तरी फोनवर वाजला पाहिजे, नुसत्या मेलवर नाही.

प्रश्न: जुने लॉग डिलीट केले, जवळपास १२ कोटी ओळी उडवल्या, तरी फ्री स्पेस हलली नाही. डिलीट म्हणजे डिलीट ना? डेटाबेस पोस्टग्रेस, टीममध्ये दुसरीकडे मायएसक्यूएल पण आहे.
एक वाचक, नागपूर

उत्तर: डिलीट म्हणजे 'ही खुर्ची रिकामी समजा' एवढंच, खुर्ची हॉलमध्येच असते. पोस्टग्रेसमध्ये व्हॅक्यूम, म्हणजे त्याची साफसफाई, झाला की त्या जागेवर त्याच टेबलाच्या नव्या ओळी बसू शकतात, पण फाइल सहसा लहान होत नाही, शेवटची पानं अख्खी रिकामी असतील तर तेवढीच कापली जातात. फाइल खरंच लहान करायची तर व्हॅक्यूम फुल, पण ते चालू असेपर्यंत टेबल पूर्ण कुलूपबंद, वाचता पण येत नाही, आणि नवी कॉपी लिहायला जागा लागते ती वेगळी. दिवसा चालवू नका, मी हे कुणाला तरी सांगतेय म्हणजे कुणीतरी दिवसा चालवलेलं मी बघितलंय. पीजी रिपॅक हे एक्स्टेन्शन आरडीएसवर मिळतं, ते फार न अडवता तेच काम करतं, त्यालाही टेबल आणि त्याच्या इंडेक्सच्या साधारण दुप्पट जागा मोकळी लागते आणि टेबलाला प्रायमरी की किंवा तशी युनिक की लागते. मायएसक्यूएलमध्ये ऑप्टिमाइझ टेबल.

पण तुमच्या लॉगला मी यातलं काहीच सांगणार नाही. लॉगचं टेबल महिन्यामहिन्याच्या पार्टिशनमध्ये, म्हणजे वेगळ्या तुकड्यांत, करा, जुना महिना नको झाला की ते पार्टिशनच ड्रॉप करा, जागा त्याच क्षणी परत, व्हॅक्यूमची भानगड नाही.

आणि हे सगळं केलंत तरी बिल एक पैसा कमी होणार नाही हे लक्षात ठेवा, डिस्कमध्ये मोकळी जागा वाढली फक्त. म्हणून आधी झाडून घ्या, मग डिस्क लहान करा, या क्रमाने. ब्लू-ग्रीन करताना टेबलं आपोआप आटोपशीर लिहिली जातील या भरवशावर राहू नका. डम्प काढून नव्या जागी भरणार असाल तर मात्र झाडायची गरज नाही, तिथे सगळं नव्यानेच लिहिलं जातं, फक्त भरून झाल्यावर डेटाची आकडेवारी नव्याने काढायला अ‍ॅनालाइझ चालवा नाहीतर सोमवारी प्रत्येक क्वेरी रस्ता चुकेल.

प्रश्न: आमच्याकडे अ‍ॅझ्युअरचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं, पोस्टग्रेस आहे, फ्लेक्सिबल सर्व्हर. ५१२ जीबीची डिस्क ऑटोग्रोने सरळ १ टीबी केली! दुप्पट?
एक वाचक, टोरांटो

उत्तर: हो, तिथल्या प्रीमियम एसएसडीच्या साइज ठरलेल्या आहेत, १२८, २५६, ५१२, १०२४ अशा, मधलं काही नाही, त्यामुळे पुढची पायरी म्हणजे दुप्पटच. १ टीबीपर्यंतच्या सर्व्हरला मोकळी जागा २० टक्के किंवा ६४ जीबी, यातलं जे कमी असेल त्याच्या खाली गेली की ऑटोग्रो उडी मारतं, म्हणजे ५१२ मध्ये ४४८ च्या आसपास. आणि खाली यायची पायरी तिथेही नाही, छोट्या डिस्कचा नवा सर्व्हर करून डेटा हलवायचा. गूगलच्या क्लाउड एसक्यूएलमध्येही आपोआप वाढलेली डिस्क आपोआप उतरत नाही. मोंगो अ‍ॅटलासवर, म्हणजे मोंगोडीबीच्या क्लाउड सर्व्हिसवर, ऑटो फक्त वर जातं, पण खाली तुम्ही हाताने आणू शकता. तुम्ही आता ४१० वर असाल आणि महिन्याला १० जीबी वाढत असेल तर हलवाहलवीचा व्याप करू नका, काही महिन्यांत परत तिथेच याल. एकदाच काहीतरी भरलं होतं आणि आता १५० वर असाल तर करा.

प्रश्न: मग सरळ ऑरोरावर, त्याच कंपनीच्या दुसऱ्या डेटाबेसवर, जावं का? तिथे म्हणे डिस्कची साइज द्यावीच लागत नाही.
एक वाचक, औरंगाबाद रोड, नाशिक

उत्तर: खरंय, ऑरोरात वापराल तेवढंच बिल, आणि ऑक्टोबर २०२० पासून टेबल ड्रॉप केलं की स्टोरेज खाली पण येतं, त्याआधी तिथेही एकदा गाठलेली उंची कायमची होती. पण नागपूरकरांच्या त्या रिकाम्या खुर्च्या तिथेही मोजल्या जातात, नुसत्या डिलीटने काही होत नाही. आणि साध्या प्लॅनमध्ये प्रत्येक वाचण्या-लिहिण्याचे वेगळे पैसे, ते नको असतील तर मे २०२३ मध्ये आलेला आय-ओ ऑप्टिमाइज्ड प्लॅन आहे, त्यात मशीन आणि स्टोरेज दोन्ही महाग. नुसतं रिकाम्या डिस्कला कंटाळून तिकडे जाऊ नका. आधी महिन्याभरात एकूण किती वेळा वाचणं-लिहिणं होतं तो आकडा काढा, ऑरोराच्या रेटने गुणा, आणि तो आकडा मला पाठवा, मग बोलू.